घरच्या सोलरसाठी इन्व्हर्टर: हिशोब कसा करायचा आणि सेटिंग कोणत्या क्रमाने लावायची

सोलरचं कोटेशन हातात आलं की बहुतेक जण दोनच आकडे बघतात: किती किलोवॉट आणि किती रुपये. इन्व्हर्टर मात्र जळतो, ट्रिप होतो किंवा अर्ध्या ताकदीवर चालतो तो या दोन्हींमुळे नाही. कारण असतं स्ट्रिंगचं, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचं व्होल्टेज, पॅनेलचा करंट नाहीतर गच्चीपासून मीटरपर्यंतची वायर. हे तीन हिशोब पैसे देण्याआधी करायचे असतात, कारण गच्चीवर ढाचा उभा राहिल्यावर त्यातलं फारसं काही बदलता येत नाही.

हिशोब कागदावर तुम्ही करा, जोडणी जाणकार माणसाकडूनच करून घ्या. घरगुती स्ट्रिंगमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि ऊन आहे तोवर पॅनेल बंद करण्याचं बटण कुठेच नसतं.

तयारी: हे पाच कागद आधी गोळा करा

वीजबिल (मागच्या बारा महिन्यांचे युनिट आणि मंजूर भार), पॅनेलची डेटाशीट, इन्व्हर्टरची डेटाशीट, गच्चीचा हाताने काढलेला नकाशा (टाकी, जिना, शेजारची इमारत, सावली कुठून येते) आणि इन्व्हर्टरच्या जागेपासून मीटरपर्यंतच्या वायरची लांबी. ही लांबी फूटपट्टीने सरळ मोजू नका. वायर जशी भिंतीवरून वळत जाणार तशी मोजा.

व्हेंडर डेटाशीट द्यायला टाळाटाळ करत असेल, ‘कंपनीचाच माल आहे, काळजी नको’ म्हणत असेल, तर तिथेच थांबा. मॉडेल नंबर नसलेल्या कोटेशनवर कुठलाच हिशोब होत नाही.

टप्पा १: लाइट गेल्यावर काय हवंय ते ठरवा

ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो, भर दुपारीही. तो बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगात तुमच्या गच्चीवरची वीज जाऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. ‘सोलर बसवलं तरी लाइट गेल्यावर अंधारच’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि ती खरेदीआधी एक प्रश्न विचारला असता तर आलीच नसती.

लाइट क्वचित जाते, बिल मोठं आहे: ऑनग्रिड. लाइट रोज जाते: हायब्रिड, म्हणजे ग्रिडशी जोडलेला आणि बॅटरीही असलेला. ग्रिड नाहीच किंवा शेतावरच्या घरात नावालाच आहे: ऑफग्रिड. घरात चांगला साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी आधीपासून असेल तर ऑनग्रिड सोलर घेऊन जुनी बॅटरी तशीच ठेवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. पीएम सूर्यघर योजनेत बॅटरीवर अनुदान नाही, हेही हिशोबात धरा.

टप्पा २: बिलावरून क्षमता काढा

महाराष्ट्रात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतात. पावसाळ्यात उत्पादन बरंच खाली येतं, मार्च-एप्रिलमध्ये वर जातं. म्हणून एका महिन्याचं बिल धरू नका, वर्षाचे युनिट धरा. वर्षाला ३,९६० युनिट लागत असतील तर महिन्याला ३३० आणि दिवसाला ११. म्हणजे पावणेतीन ते तीन किलोवॉट पुरे.

‘जास्तीचं बसवू, वीज विकू’ हा विचार घरगुती ग्राहकाने सोडून द्यावा. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे बाहेर दिलेले युनिट बिलातून वजा होतात त्या पद्धतीत, शिल्लक युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण ३१ मार्चला उरलेल्या युनिटचा दर तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो.

अनुदानाचं गणित इथेच करा. २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठी १८,००० आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी एकूण ७८,००० रुपये. यात पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतला लहान आकडा धरतात. म्हणजे २.७ किलोवॉटच्या पॅनेलना ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर लावला तरी अनुदान २.७ वरच, ७२,६०० रुपये. पॅनेलही डीसीआर म्हणजे भारतीय सेलचेच लागतात.

पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा थोडे जास्त असावेत. ५५० वॉटचे ६ पॅनेल म्हणजे ३.३ किलोवॉट, त्याला ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर योग्य. लोक घाबरतात, की वरचे ३०० वॉट वाया जातील. पण मे महिन्यात पॅनेलचं अंग ७० अंशांपर्यंत तापतं आणि पॅनेलवर छापलेले वॉट २५ अंशांचे असतात. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तर ३.३ किलोवॉटचे २.८ सुद्धा राहत नाहीत, वर धूळ आहेच. दहा ते तीस टक्के जास्त पॅनेल चालतात, फक्त डेटाशीटमधली ‘कमाल डीसी पॉवर’ ओलांडायची नाही.

टप्पा ३: स्ट्रिंगचं व्होल्टेज

इथे चुकलं तर वॉरंटीही जाते, त्यामुळे सावकाश करा.

पॅनेलच्या मागच्या लेबलवर दोन व्होल्टेज असतात. व्हीओसी म्हणजे काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज, व्हीएमपी म्हणजे काम करतानाचं. ५५० वॉटच्या एका नेहमीच्या पॅनेलचे आकडे घेऊ: व्हीओसी ४९.८, व्हीएमपी ४१.८. पॅनेल एकापुढे एक सिरीजमध्ये जोडले की व्होल्टेजची बेरीज होते.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की थंडीत व्होल्टेज वाढतं आणि उन्हाळ्यात उतरतं. म्हणून हिशोब दोनदा करायचा.

*थंडीचा हिशोब.* तुमच्या गावातलं सगळ्यात कमी तापमान घ्या. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, रत्नागिरीला तसं होत नाही. निफाडसारख्या गावाला तिथलाच आकडा धरा, बाकी बहुतेक ठिकाणी ५ अंश धरणं सुरक्षित. २५ मधून ५ गेले २०. या पॅनेलचा व्हीओसीचा तापमान गुणांक दर अंशाला ०.२७ टक्के आहे, म्हणजे ५.४ टक्के वाढ. एक पॅनेल ५२.५ व्होल्ट, सहा पॅनेल ३१५ व्होल्ट. ऑनग्रिड इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ५५० किंवा ६०० व्होल्ट असेल तर काहीच अडचण नाही.

*उन्हाळ्याचा हिशोब.* ७० अंश धरा, म्हणजे ४५ अंशांचा फरक. ०.३५ टक्क्याने १५.७५ टक्के घट. एका पॅनेलचं व्हीएमपी ३५.२, सहांचं २११. आता डेटाशीटमध्ये एमपीपीटीची, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या इन्व्हर्टरमधल्या भागाची रेंज बघा. तिथे दोन ओळी असू शकतात: साधी रेंज, समजा ८० ते ५५०, आणि ‘फुल लोड’ रेंज, समजा २०० ते ५००. तुमचा आकडा दुसऱ्या रेंजमध्ये बसायला हवा. चारच पॅनेलची स्ट्रिंग केली तर उन्हाळ्यात १४१ व्होल्टच मिळतात. इन्व्हर्टर चालू राहील, पण करंटच्या मर्यादेला अडकून पूर्ण ताकद देईलच असं नाही.

आता बॅटरीवाल्यांसाठी खरा सापळा. ४८ व्होल्टच्या बऱ्याच ऑफग्रिड आणि हायब्रिड यंत्रांची सोलर मर्यादा ५०० व्होल्ट नसते, १४५ किंवा १५० असते. विक्रेता तीन पॅनेल सिरीजमध्ये धरतो: ४९.८ गुणिले ३, बरोबर १४९.४, मर्यादा १५०, बसलं. कागदावर बसतं. जानेवारीतल्या एका लख्ख सकाळी ऊन पडतं, पॅनेल अजून गार असतात, आणि तेच तीन पॅनेल १५७ व्होल्ट देतात. यंत्राचा इनपुट तिथेच जातो. अशा ठिकाणी दोन-दोनच्या तीन जोड्या करून त्या पॅरलल जोडायच्या आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र डीसी फ्यूज द्यायचा.

> सावधान: स्वस्त ऑफग्रिड यंत्रात एमपीपीटीऐवजी पीडब्ल्यूएम चार्जर असतो. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो. २४ व्होल्टच्या बॅटरीवर ५५० वॉटचं पॅनेल लावलं तर १३ अँपिअर गुणिले २७ व्होल्ट, म्हणजे ३५० वॉट हातात. बाकीचे पैसे गच्चीवरच राहिले.

दिशा वेगळी असेल, म्हणजे निम्मे पॅनेल पूर्वेला आणि निम्मे पश्चिमेला, तर ते एकाच स्ट्रिंगमध्ये घालू नका. दोन एमपीपीटीचा इन्व्हर्टर घ्या. पुढे वाढवताना नवे, वेगळ्या वॉटचे पॅनेल जुन्या स्ट्रिंगमध्ये जोडणंही तसंच. सगळ्यात कमी करंटवाल्या पॅनेलच्या चालीने सगळी स्ट्रिंग चालते.

टप्पा ४: करंट

हा छोटा टप्पा आहे. पॅनेलचा आयएससी (शॉर्ट सर्किट करंट) १४ अँपिअरच्या घरात असतो, आयएमपी (काम करतानाचा करंट) १३. जुन्या मॉडेलच्या इन्व्हर्टरचा एमपीपीटी १२.५ अँपिअरचा असतो. कामाचा करंट थोडा वर गेला तर इन्व्हर्टर वरची वीज फक्त सोडून देतो. पण ‘कमाल शॉर्ट सर्किट करंट’ या ओळीतला आकडा पॅनेलच्या आयएससीपेक्षा मोठाच असायला हवा. बायफेशियल, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज देणारे पॅनेल पांढऱ्या रंगवलेल्या गच्चीवर असतील तर आयएससी दहा टक्के वाढवून धरा. एका एमपीपीटीवर दोन स्ट्रिंग पॅरलल येत असतील तर आकडा दुप्पट.

टप्पा ५: एसी वायर आणि दुपारचं ट्रिपिंग

‘रोज अकरा ते तीन इन्व्हर्टर बंद-चालू होतो, व्हेंडर म्हणतो महावितरणचा प्रॉब्लेम, महावितरण म्हणतं व्हेंडरचा.’ या भांडणाचा निकाल घरबसल्या लावता येतो.

ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरने व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की २ सेकंदांत सुटायचं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०१३ चा नियम आहे. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट. आता वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला मीटरपेक्षा वरचं व्होल्टेज धरावं लागतं, आणि ते किती वर, हे वायर ठरवते.

उदाहरण करू. ५ किलोवॉटचा सिंगल फेज इन्व्हर्टर म्हणजे साधारण २२ अँपिअर. गच्चीपासून मीटरपर्यंत ४० मीटर, जाऊन-येऊन ८०. चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ४.९५ ओम, म्हणजे ८० मीटरला ०.४. गुणिले २२, झाले ८.७ व्होल्ट. दुपारी मीटरपाशी २४६ व्होल्ट असतील, आणि ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात ते असतातच, तर इन्व्हर्टरला २५४.७ दिसतात. ट्रिप. हीच वायर १० स्क्वेअर एमएमची असती तर वाढ ३.४ व्होल्ट, आकडा २४९.४ आणि इन्व्हर्टर चालू. वायरमध्ये वाचवलेल्या दोन-तीन हजारांसाठी रोज दुपारचं उत्पादन जातं.

> तपासा: सोलर घेण्याआधी आठवडाभर दुपारी एक वाजता मीटरजवळचं व्होल्टेज मल्टीमीटरने मोजून लिहून ठेवा, त्यात एक सुट्टीचा दिवस येऊ द्या. सातत्याने २४५ च्या वर असेल तर वायर जाड घ्याच, शिवाय ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) खाली घेण्यासाठी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत मोजलेले आकडे जोडा. आकडे नसलेल्या अर्जाकडे कुणी बघत नाही.

> सावधान: ट्रिपिंगवर ‘उपाय’ म्हणून इन्व्हर्टरची मर्यादा २७० व्होल्ट करून देणारे महाभाग आहेत. नियम तर मोडतोच, शिवाय तेच २७० तुमच्या फ्रिजला आणि टीव्हीलाही मिळतात.

घरात थ्री फेज कनेक्शन असेल तर थ्री फेज इन्व्हर्टरने करंट तिघांत वाटला जातो आणि ही अडचण बरीच कमी होते. त्याची दुसरी बाजू: एक फेज गेला की सगळा इन्व्हर्टर थांबतो. गावाकडे एक फेज जाणं नवीन नाही. शिवाय थ्री फेज इन्व्हर्टर सुरू व्हायलाच जास्त डीसी व्होल्टेज मागतात, त्यामुळे सहा पॅनेलची छोटी स्ट्रिंग असेल तर टप्पा ३ पुन्हा करा.

टप्पा ६: बॅटरी आणि बॅकअपचा भार (ऑनग्रिडवाल्यांनी हा टप्पा सोडावा)

लाइट गेल्यावर अख्खं घर चालवायचं ठरवलंत तर खर्चाला अंत नाही. पंखे, दिवे, फ्रिज, राउटर, टीव्ही यांचं वेगळं डीबी (वीज वाटणारी पेटी) करून तेवढंच इन्व्हर्टरच्या बॅकअप आउटपुटवर घ्या. गिझर, इस्त्री, घरघंटी, एसी बाहेर ठेवा.

मोटरचं गणित वेगळं. १ एचपीची पाण्याची मोटर चालताना साधारण १ किलोवॉट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. ५ किलोवॉटच्या, काही सेकंद दुप्पट भार पेलणाऱ्या इन्व्हर्टरवर ती सुरू होऊ शकते, पण मोटर ग्रिडवरच ठेवणं शहाणपणाचं.

१५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) १२ व्होल्टच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या म्हणजे कागदावर ७.२ युनिट. निम्म्याच वापरायच्या, म्हणून ३.६. लिथियमची ५१.२ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी ५.१२ युनिटची असते आणि त्यातले साडेचार युनिट सहज मिळतात. पण तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, किती अँपिअर सोडतो ते बघा. ५ किलोवॉट पूर्ण भाराला ४८ व्होल्टच्या बाजूला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. १०० अँपिअरच्या एकाच बॅटरीवर मिक्सर आणि फ्रिज एकदम सुरू झाले तर काही होणार नाही, पण भार ५ किलोवॉटकडे गेला की बीएमएस सगळं तोडतो आणि दोष इन्व्हर्टरला लागतो.

टप्पा ७: जागा

सावलीची, हवा खेळती असलेली, हाताला पोचेल अशी भिंत. आयपी ६५ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, ऊन सोसतो असा अर्थ नाही. बहुतेक इन्व्हर्टर ४५ अंशांच्या वर स्वतःहून ताकद कमी करतात, आणि पत्र्याच्या शेडखाली ४५ अंश सकाळी अकरालाच होतात. लाकडी कपाटात बंद करू नका. अर्थिंग तीन वेगळी: डीसी, एसी आणि वीजरोधक.

टप्पा ८: पहिल्यांदा चालू करण्याचा क्रम

१. डीसी आणि एसी दोन्ही स्विच बंद आहेत याची खात्री.

२. डीसीडीबीत (पॅनेलच्या वायरी येतात त्या डीसी पेटीत) प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज आणि प्लस-मायनस मल्टीमीटरने मोजा. सहा पॅनेलचे सकाळी २९० च्या आसपास हवेत. २४० आले तर एक पॅनेल जोडायचं राहिलंय, काहीच आलं नाही तर पॅनेलच्या वायरी जोडणारा एखादा एमसी४ कनेक्टर नीट बसलेला नाही. आकड्यापुढे वजाचं चिन्ह दिसलं तर वायर उलट आहे, पुढे जाऊ नका.

३. एसी बाजूला फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थिंग २-३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थिंग दहा-बारा दिसत असेल तर आधी अर्थिंग किंवा न्यूट्रलचा सांधा बघा.

४. बॅटरी असेल तर आधी बॅटरी, मग एसी, मग डीसी. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर पुस्तिकेचा पाळा.

५. बंद करताना भार आधी उतरवायचा, मग डीसी स्विच. चालू करंटवर एमसी४ कधीही ओढायचा नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही.

> सावधान: नेट मीटर बसायच्या आधी ‘दोन दिवस चालवून बघू’ करू नका. काही साधे मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात आणि बिल वाढून येतं. चाचणी घ्यायचीच तर निर्यात शून्यावर बांधा.

टप्पा ९: सेटिंग

*ग्रिड कोड.* सगळ्यात आधी देश ‘भारत’ निवडा. परदेशी कोड राहिला तर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा वेगळ्या राहतात. आपल्याकडे फ्रिक्वेन्सीची खिडकी ४७.५ ते ५०.५ हर्ट्‌झ आहे. लाइट आल्यावर इन्व्हर्टर किमान ६० सेकंद थांबतो, ते बरोबरच आहे.

*सावली स्कॅन.* सावली पडली तरी पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज शोधणारी ही सोय. गच्चीवर टाकीची सावली फिरत असेल तर चालू, नसेल तर बंद.

*बॅटरीचा प्रकार.* ट्यूब्युलरला बूस्ट (भरतानाचं व्होल्टेज) ५७.६ आणि फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचं) ५४.५ च्या आसपास, चार्जिंग करंट एएचच्या दहा टक्के, म्हणजे १५० एएचला १५ अँपिअर. लिथियमला इक्वलायझेशन (अधूनमधून जास्त व्होल्टेजने करायचं चार्जिंग) बंद, बीएमएसची केबल जोडलेली आणि प्रोटोकॉल जुळलेला. केबल नसेल तर सेल मोजा: १६ सेलची ५१.२ व्होल्टची बॅटरी ५६ व्होल्टवर खूश असते. १५ सेलच्या ४८ व्होल्टवालीला तेच ५६ दिले तर सेलमागे ३.७३ पडतात आणि बीएमएस वारंवार तोडतो. दोन्हींना बाजारात ‘४८ व्होल्ट लिथियम’च म्हणतात.

*प्राधान्य.* लाइट जात नसेल तर सोलर, मग बॅटरी, मग ग्रिड. रोज जात असेल तर बॅटरीत निम्मा साठा राखून ठेवणारी मर्यादा लावा, नाहीतर संध्याकाळी लाइट जाईपर्यंत बॅटरी रिकामी झालेली असते.

*सीटी.* हायब्रिडला मीटरजवळ एक सीटी क्लॅम्प, म्हणजे वायरभोवती बसवून करंट मोजणारी कडी असते. त्यावरचा बाण उलटा बसला की घरातला वापर निर्यात म्हणून दिसतो. सोलर बंद करून इस्त्री लावा. अॅपमध्ये आयात हजारभर वॉटने वाढली तर बरोबर.

*लॉगिन.* अॅपचं मालकी खातं तुमच्या मोबाइल नंबरवर आणि इन्स्टॉलरचा पासवर्ड लिहून घ्या. व्हेंडरच्या खात्यावर राहिलेला प्लांट दोन वर्षांनी कुणाचाच नसतो. वाय-फाय डाँगल बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झवरच जोडला जातो.

पहिल्या महिन्याची तपासणी

निरभ्र दुपारी ३.३ किलोवॉटचे पॅनेल अडीच किलोवॉटच्या आसपास देत असतील तर सगळं ठीक आहे, ३.३ ची वाट बघू नका. आलेख गुळगुळीत डोंगरासारखा हवा. वरून सपाट कापलेला दिसला तर इन्व्हर्टर मर्यादेला लागतोय, करवतीसारखे दात दिसले तर व्होल्टेजचं ट्रिपिंग आहे आणि टप्पा ५ उघडावा लागेल. पहिल्या पावसानंतर सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’, म्हणजे डीसी वीज अर्थिंगकडे गळतेय अशी सूचना येत असेल तर कुठला तरी एमसी४ पाण्यात लोळतोय किंवा वायर ढाच्याच्या धारेवर घासलीये. तो फॉल्ट दुपारी आपोआप जातो, म्हणून लोक सोडून देतात. व्हेंडरला त्याच आठवड्यात गच्चीवर चढवा आणि सगळे कनेक्टर पॅनेलखाली, जमिनीपासून वर बांधून घ्या.